काहीच बदललं नाही

तुम्हाला म्हणून सांगतो, बायकोसमोर हा विषय काढू नका. जयपुरात झालाना भागातल्या ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या नेटच्या तक्रारी सोडवतो. पहिला प्रश्न ठरलेला, "सेटिंगमध्ये काही बदललंत?" सगळे म्हणतात, "नाही." सगळे खोटं बोलतात.

रविवारी सकाळी घरचं नेट जरा जलद चालावं म्हणून मी राउटरमधला डीएनएस, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचा नंबर, बदलला. नेट बंदच पडलं. दुपारी बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू! आपण टाकलेला नंबर चुकला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. लाइनच गेली असणार, असं ठरवून जवळच्या सोडाला भागातल्या नेटवाल्याला बोलावलं.

त्याने विचारलं, "भाईसाहब, सेटिंग में कुछ बदला था?"

बायको शेजारीच उभी. म्हटलं, "नहीं जी, कुछ नहीं."

त्याने वायर तपासली, मग राउटरची सेटिंग पाहिली. "डीएनएस का एक अंक गलत है," म्हणाला आणि दोन मिनिटांत नेट चालू केलं.

निघताना त्याची नजर खुंटीवरच्या माझ्या ओळखपत्राकडे गेली. 'नेटवर्क इंजिनियर'. त्याने ते शांतपणे वाचलं आणि चप्पल घालत म्हणाला, "भाईसाहब, आपके ऑफिस में जगह निकले तो बताना."