रिकाम्या काचेवरचा संशय

कर्करोग ओळखणं हे अत्यंत गांभीर्याचं काम असतं, असं धुरपताबाईंनी परवा बोरीच्या लॅबमध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीचा नमुना देताना ऐकलं होतं. आज परभणीहून परतताना एसटीत त्यांच्या पुढच्याच बाकावर तेच काम शिकून आलेले दोघं बसले होते.

"शिवशंकर सर, परीक्षेत तुमी नमुन्यांच्या सगळ्याच काचांवर कर्करोगाचा संशय घेतला."

"मंग? बाईला परत बोलवायचं. चांगलं निघालं तर दुवा देईल."

"त्यातली एक काच शिकवणाऱ्या मॅडमच्या सोताच्या नमुन्याची होती."

"त्यांनी बी दाखवून घ्यावं."

"अन् शेवटची रिकामी होती. तिच्यावर नमुनाच नव्हता."

"रिकामीवर तर पयला संशय घ्यावा, वैष्णवी. तू तर सगळ्याच नॉर्मल करून मोकळी झालीस."

"उगं कशाला कुणाला भ्या घालायचं?"

"म्हणून दोघंबी नापास. आता फुडल्या महिन्यात परत."

धुरपताबाई पुढं वाकल्या.

"बाळांनो, मंग बोरीला दिलेले नमुने तवर कोण बघायलंय?"

"तुमचा हाय का त्यात, मावशी?"

"हाय."

"आमीच बघतो की. दोघं मिळून बघतो, मधलं काहीतरी खरं निघंल."

बोरी आली. तिघंही उतरले.