डोंगर झाकणारं घर

मंडळी, पुढं सरका, मागं वारा आहे. एक विचारतो — डोंगर कुणाचा? सरकारचा? पायथ्याशी ज्याची जमीन, त्याचा? थांबा, उत्तराची घाई नको. आधी ऐका!

जुन्नरच्या अंगाला एक डोंगर. माथ्यावर देवीचं ठाणं. नवरात्रात तिन्हीसांजेला तिथं दिवा लागतो, आणि तो दिसल्याशिवाय वाडीतल्या बायका तोंडात घास घालत नाहीत!

त्या वाडीत त्रिंबक डुंबरे परतला. सगळी नोकरी शहरात, दोन खोल्यांत. बायकोला, मालनला, शब्द दिलेला — "डोळे उघडलेस की डोंगर, असं घर बांधीन!" नकाशा स्वतःच काढला. दोन मजले, छप्पर शिखरासारखं टोकदार! अंदाज यावा म्हणून जागेवर बांबू रोवले, वर ताडपत्री ताणली. पाहुणे माना वर करून "वा वा!" — अहो, चहा यायचा असतो, नाही कोण म्हणेल?

घटस्थापनेची संध्याकाळ. खालच्या घरातली म्हातारी हौसाकाकू ताट घेऊन चढ चढून आली. गुडघे धरलेले, धापा टाकतेय.

"काकू, कशाला चढलात? हाक मारायची!"

"दिवा बघायला आले रे. माझ्या दारातून आता तुझी ताडपत्रीच दिसते."

मंडळी, भांडली असती तर बरं झालं असतं! भांडणाला उत्तर देता येतं. ही म्हणते कशी — "बांध बाबा, छान बांध. नवरात्रात तेवढं मला अंगणात उभं राहू देशील ना?"

त्रिंबक पेचात! इकडं म्हातारीचा दिवा, तिकडं बायकोला दिलेला शब्द. मालननं जन्मभर खिडकीतून शेजारची भिंत बघितलेली. तिच्याकडं बघायची त्याला हिंमत होईना.

मालननंच काकूला हाताला धरून दगडावर बसवलं. दिवा लागला, काकूनं घास घेतला. मग मालन म्हणाली, "अहो, उतरवा ती ताडपत्री. अंगणात खाट टाका, आख्खा डोंगर दिसेल मला."

"अगं, पण शब्द?"

"मला दिला होतात ना? मग मी सोडला!"

घर झालं — बुटकं, एकमजली, उतारात बसवलेलं. पुढच्या नवरात्रात काकू आपल्याच दारात बसली. त्रिंबकाच्या छपरावरून दिवा दिसला, आणि पहिला घास तिनं मालनसाठी बाजूला काढला.

काय हो गेनूशेठ, यंदा वरचा मजला चढवलाय म्हणे! हसू नका बाकीचे, प्रत्येकानं काही ना काही चढवलंच आहे. आज घरी गेलात की लगेच आत शिरू नका. शेजाऱ्याच्या दारात उभे राहा आणि तिथून आपलं घर बघा — त्याच्यामागं कुणाचा दिवा झाकलाय? तो बघा, आणि मग आपल्या देवापुढं वात लावा!