बिनछायाचे डोळे

संपादक : ...आणि हे ऐक. ‘तुमच्या बिनछाया हेराची सावली पडत नाही, हे मान्य. पण लाल बूट घालून तो शत्रूच्या कचेरीत शिरतो आणि पहारेकऱ्याला दिसत नाही? मी तीस वर्षं पहारा केला आहे. मला दिसले असते.’

चित्रकार : बूट काळे करतो, मामा.

संपादक : ऑफिसात साहेब म्हण. बूट राहू देत. चित्रकथेच्या पहिल्याच अंकाला चाळीस पत्रं, त्यांतली निम्मी बुटांवर. लोक वाचतायत, गधड्या! आता त्या बाईंना आत बोलव. सकाळपासून बाहेर बाकावर बसल्यात आपला अंक घेऊन. पत्र न टाकता स्वतः आलेल्या पहिल्याच वाचक.

(बाई आत येतात. अंक टेबलावर उघडून ठेवतात.)

बाई : हे चित्र कोणी काढलं?

चित्रकार : मी. बसा ना, मावशी.

बाई : बसूनच आलेय. मी रुग्णालयाच्या धुलाईघरात आहे. कपडे भिजवायच्या आधी खिसे तपासायचं काम माझं. हा अंक एका कोटाच्या खिशात निघाला. हे बघा, या चित्रात याने तोंडाला मुखवटा लावलाय, डोळे तेवढे उघडे. डावी भुवई मधेच तुटलीय.

चित्रकार : जखमेची खूण आहे ती.

बाई : नळाची तोटी लागली होती. सहा वर्षांचा होता. तीन टाके घातले, मी धरून बसले होते.

संपादक : बाई, ही सगळी कल्पनेतली गोष्ट आहे...

बाई : माझा मुलगा आहे तो. चार वर्षं झाली घर सोडून. कुठे पाहिलंत तुम्ही त्याला?

संपादक : अरे, बोल की! बाई, याची एक खोड आहे. मनातून याला साधं नाक काढता येत नाही. रस्त्यात दिसेल तो चेहरा वहीत उतरवतो, खाली तारीख आणि ठिकाण लिहितो. बिनछायाचा जबडा आमच्या छापखान्याच्या फोरमनचा, कान माझे. वही त्या खणात आहे. काढ रे.

चित्रकार : नाही काढणार.

संपादक : काय म्हणालास?

चित्रकार : त्याला शब्द दिलाय. तो म्हणाला, डोळे घे, बाकीचा चेहरा दुसऱ्या कुणाचा लाव. आणि मी कुठे भेटलो ते कुणाला सांगायचं नाही. मला वाटलं, थट्टा करतोय. हो म्हणून गेलो.

संपादक : थट्टेतला शब्द! समोर आई उभी आहे त्याची. किल्ली दे.

चित्रकार : नाही, मामा.

संपादक : ऑफिस माझं, खण माझा. फोडीन.

बाई : थांबा, साहेब. बाळ, तो जिवंत आहे एवढं तरी सांगता येईल ना?

चित्रकार : आहे. दोन महिन्यांपूर्वी भेटला.

बाई : अंगाने कसा आहे?

चित्रकार : बारीक. पण आजारी नाही वाटला. शर्ट धुतलेला होता. बटणं सगळी होती.

बाई : बटणं बघितलीस तू.

चित्रकार : बघणं तेवढंच येतं मला, मावशी. हसत होता तो. म्हणाला, प्रत्येक अंक घेईन, माझ्या डोळ्यांना कुठेकुठे हिंडवतोस ते बघायला.

बाई : म्हणजे हा घेतला असेल त्याने.

चित्रकार : घेतला असणार.

संपादक : बाई, तुम्ही फक्त हो म्हणा. आत्ता उघडतो.

बाई : उघडाल हो. मी जाईन, दार वाजवीन. दुसऱ्या दिवशी तो तिथूनही जाईल. मग कुणाच्या वहीत शोधू त्याला? राहू द्या बंद.

संपादक : मग काय करायचं?

बाई : मागच्या पानावर म्हटलंय, वाचकांची पत्रं छापणार म्हणून. माझं छापाल?

संपादक : छापीन की! बुटांची सगळी बाजूला काढतो. सांगा, उतरवून घेतो.

बाई : मी लिहिते. कागद द्या. वेळ लागेल मला.

संपादक : लागू दे.

चित्रकार : मावशी, चार वर्षांत त्याने तुम्हाला एकही पत्र टाकलं नाही?

बाई : टाकणार कसं? भांडण त्याचं बापाशी. आणि घरात आलेलं पत्र बापच मला वाचून दाखवायचा. त्याला हवं तेवढंच. पोराला ते ठाऊक होतं.

चित्रकार : आणि लिहायला कधी शिकलात?

बाई : तो गेल्यावर. चादरींवर वॉर्डांची नावं असतात ना, त्यांवरून आमच्या मुकादमीण बाईंनी शिकवलं. आता बोलू नकोस, चुकेल माझं.

चित्रकार : बरं.

बाई : घ्या, साहेब. झालं.

संपादक : ‘संपादकांस. अंक आवडला. डोळे बरोबर आले आहेत. हा हेर लहानपणी टाके घालणाऱ्या डॉक्टरांना चावला होता, तेही गोष्टीत घाला.’ चावला होता?

बाई : कडकडून. पुढे वाचा.

संपादक : ‘त्याने पत्र लिहिले तर रुग्णालयाच्या धुलाईघराच्या पत्त्यावर लिहावे, घरी नको.’ बाई, यातलं एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.

चित्रकार : खाली अजून एक ओळ आहे, मामा.

संपादक : हो, आहे. ‘आता माझी पत्रे मीच वाचते.’