बनुबाईचा घास

(सांगलीतला दवाखाना, १९४७. बनुबाई आत खाटेवर. बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा आप्पासो आणि शिराळ्याहून आलेला तिचा भाऊ नाथाजी, पलटणीतून नुकताच सुटलेला.)

नाथाजी: आन ती एवढी लांब नळी माझ्या भनीच्या नरड्यात घालू दिलीसा, दाजी?

आप्पासो: दिली. चकाकत हुती. म्होरल्या टोकाला बारीक दिवा.

नाथाजी: वरडली न्हाई ती?

आप्पासो: नळी तोंडात आसल्यावर कसं वरडंल? आदी नरड्यात औशिद फवारलं, बधिर हुयाला. मान टेबलाच्या भायेर लोंबती. डोकं नर्सबाईनं धरलं, पाय मी.

नाथाजी: आट म्हैनं तिला भाकरी उतरत न्हवती. आन मला कार्ड परवा.

आप्पासो: मला वाटलं, सोंग करती.

नाथाजी: सोंग?

आप्पासो: व्हय. च्या उतरतो, आंबील उतरती, भाकरीच तेवढी आडती. तिच्या तोंडावरबी म्हनलो तसं. मग एक दिस भाताचा घास आडाकला आन डोळं पांढरं झालं तिचं. तवा गाडी जुपली.

नाथाजी: गाठ हाय का? साफ बोला. लडाईत लय ऐकलंय मी.

आप्पासो: मीबी गाठच धरून चाललो हुतो. डाक्टर एक डोळा मिटून लय येळ नळीतनं बघत हुता. मग म्हनला, गाठ न्हाई. नरड्याखाली पातळ पडदा आलाय, दुधावरल्या सायीवानी. नळी जाताना त्यो फाटला. वाट मोकळी झाली.

नाथाजी: पडदा कशानं आला?

आप्पासो: आंगात रगत लय कमी झालं की येतो म्हनं, कुना कुना बायांस्नी. तिच्या डोळ्याची पापनी वडून दावली मला. आत पांढरीफटक. मग इचारलं, ह्या जेवतात काय?

नाथाजी: तुमी काय सांगितलं?

आप्पासो: आमी जे जेवतो तेच. त्यो म्हनला, तुम्ही पाहिलंय?

नाथाजी: मग?

आप्पासो: तीस वर्सं झाली लग्नाला, पावनं. आमी समदी उठल्याबिगर ती ताटावर बसत न्हाई. तवर मी रानात. कवा बघनार?

नाथाजी: माझी बायकू राहीबी मागनंच जेवती.

आप्पासो: काय जेवती?

नाथाजी: ठावं न्हाई.

आप्पासो: हं.

नाथाजी: आता म्होरं काय?

आप्पासो: लोहाचं औशिद दिलंय. काल दूधभात उतरला म्हनं, नर्सबाईनं सांगितलं. आज भाकरी दिली. मी म्हनलो, आज बघायचंच. खाटंम्होरं जाऊन बसलो.

नाथाजी: उतरली?

आप्पासो: घास तोंडात तसाच धरून बसली. मला वाटलं, झालं, पुन्यांदा आडलं. तर म्हनती, "आवं, तुमी भायेर जावा. असं कुनी बघत बसल्यावर मला जेवाय येत न्हाई."

नाथाजी: आन मग?

आप्पासो: भायेर आलो. जरा येळानं दारातनं बघितलं, तर अर्दी भाकरी संपलीया. म्हनून हितं बसलोय.