अकरा खापऱ्या आणि एक घूस

टिटवी : एकाच घुशीने? अकराच्या अकरा?

मावशी : टिटवे, ते खोकं आधी खाली ठेव. तुला चित्रांचे कागद बांधायला बसवलं होतं, खोकी उघडायला नाही.

टिटवी : झाकण आपोआप उघडलं.

मावशी : हो, आणि आतल्या खापऱ्या आपोआप उताण्या झाल्या.

टिटवी : विषय बदलू नकोस, मावशी. खोक्याच्या पाटीवर आधी 'थर चार' लिहिलेलं होतं. त्यावर काट मारून 'थर दोन' केलंय. आणि तो दोनचा आकडा तुझा आहे. शेपटीला गाठ मारलेला दोन आख्ख्या जगात तू एकटीच काढतेस.

मावशी : सरांनी सांगितलं, मी बदललं. खोदकामाचे प्रमुख ते, मी नुसती चित्रं काढणारी. घुशीने बीळ केलं होतं. वरच्या थरातल्या खापऱ्या त्यातून घरंगळत खाली गेल्या. होतं असं. घुशी काय थर मोजून चालतात?

टिटवी : पण पाटी बदललीस आणि खापऱ्या विसरलीस! प्रत्येकीच्या पाठीवर बारीक शाईत अजून चारच आहे. पकडलं!

मावशी : हळू. सर शेजारच्या खोलीत आहेत.

टिटवी : हळू कशाला? चोरी आहे का?

मावशी : चार वाजता छापखान्याचा माणूस पुस्तकाची पानं न्यायला येतोय. मला कामं आहेत. तुझी चौकशी समिती उद्या बसव.

टिटवी : उद्या उशीर होईल. मावशी, सहावं प्रकरण मी वाचलंय. अगदी पाठ आहे. सगळ्यात खाली, चौथ्या थरात, साधी भांडी वापरणारे बिचारे लोक. मध्ये तिसरा थर, नुसती राख. वर दुसऱ्या थरात रांजणाच्या काठाला अंगठ्याचे ठसे देणारे लोक. म्हणून ठसेवाले बाहेरून आले, त्यांनी गाव जाळलं आणि राखेवर ठाण मांडलं. हेच ना? मग मला सांग, या अकरा ठसेवाल्या खापऱ्या राखेच्या खालीच सापडल्या असतील तर?

मावशी : तर ठसेवाले आधीपासूनच तिथे होते.

टिटवी : म्हणजे गाव त्यांचंच! स्वतःचं गाव कुणी जाळतं का?

मावशी : म्हणून तर ते बीळ आहे ना.

टिटवी : 'म्हणून' काय? मावशी, माझ्याकडे बघून बोल.

मावशी : तूच आधी माझ्याकडे बघ. गेल्या महिन्यापर्यंत तुला खापरी आणि फुटकी कौलं यांतला फरक कळत नव्हता. आज एकदम थर, पाट्या, शाई! कुणी पाठवलंय तुला?

टिटवी : कुणी कशाला पाठवायला हवं? गोटीमुळे.

मावशी : कोण गोटी?

टिटवी : माझ्या बाकावर बसते ती. बसायची. खालच्या आळीतली. तिची आजी रांजण घडवते आणि काठाला अंगठे दाबते, म्हणजे दोर बांधला की सरकत नाही. सरांनी वर्तमानपत्रात याच जळलेल्या गावावर लेख लिहिला, त्यात शेवटी होतं, 'ठसे देण्याची ही पद्धत खालच्या आळीत आजही दिसते.' झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'आगलावी'. प्रयोगशाळेत दिवा पेटवायची पाळी तिची आली की सगळे किंचाळतात, "हिच्या हातात काडेपेटी नको गं बाई, हिच्या रक्तातच आहे!" सोमवारपासून ती शाळेत आलेली नाही.

मावशी : सरांनी 'आगलावे' हा शब्द कुठेही लिहिलेला नाही.

टिटवी : नाहीच. त्यांनी 'विध्वंसक आगंतुक गट' लिहिलंय. वर्गाने सोपं करून घेतलं.

मावशी : हं.

टिटवी : आत्ता निदान सांगता तरी येतं, की वर्तमानपत्र काय, काहीही छापतं. पुस्तकात आलं की गुरुजीच शिकवतील. मग ती कधीच येणार नाही. मावशी, ते बीळ तू डोळ्यांनी पाहिलंस?

मावशी : त्या दिवशी मी नव्हते. दाढ काढायला गेले होते.

टिटवी : वा! नेमकी दाढ! पण खड्ड्याच्या भिंतीचं चित्र तर तूच काढतेस.

मावशी : दुसऱ्या दिवशी काढलं.

टिटवी : दाखव.

मावशी : काय दाखवायचंय त्यात?

टिटवी : बीळ. असेल तर मी कान पकडीन, उठाबशा काढीन आणि गप बसून कागद बांधीन.

मावशी : घे. कोपऱ्याला धर, बोटं उमटतील.

टिटवी : हा चौथा थर, ही राख, हा दुसरा. आणि हे... अरेच्चा, बीळ आहे की! चांगलं गलेलठ्ठ आहे. थांब, थांब. सगळं चित्र शाईत आणि बीळ तेवढं पेन्सिलीत? आणि ही रेघ तर थरथरतेय. तुझी रेघ अशी नसते.

मावशी : माझी नाहीच ती. सरांची आहे. काल त्यांनी काढून दिली. चारच्या आत मी ती शाईत करायची आहे.

टिटवी : आणि तू करणार होतीस?

मावशी : दौत उघडून ठेवलीय, दिसत नाही का? टिटवे, एकोणीस वर्षं मी या टेबलाशी बसतेय. डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई वर चढली ती चढलीच. सात पुस्तकं झाली. प्रत्येकात शेवटच्या पानावर मी 'इतर साहाय्य'. झाडूवाल्याच्या नि पाण्याच्या टाकीच्या रांगेत. या खेपेला पहिल्या पानावर माझं नाव आहे. हवं होतं मला ते. आता बघ माझ्याकडे असं.

टिटवी : मी कुठे बघतेय?

मावशी : मग तोंड मिट. पावलं वाजतायत.

(सर दार ढकलून आत येतात.)

सर : काय बाई, झाली का शाई? अरे वा, भाचीबाईही मदतीला!

टिटवी : सर, घूस कुणी पाहिली?

सर : घूस?

टिटवी : बीळ तुम्ही काढलंत ना पेन्सिलीने? म्हणजे तुम्ही पाहिलं असणार.

सर : बाळ, प्रत्येक बीळ डोळ्यांना दिसतंच असं नाही. माती बसते, खुणा मिटतात. पण तिथे बीळ असणार, यात शंका नाही.

टिटवी : कशावरून?

सर : कशावरून म्हणजे? नाहीतर वरच्या लोकांच्या खापऱ्या राखेखाली पोचल्या कशा?

टिटवी : म्हणजे वरचे लोक बाहेरून आले, म्हणून बीळ असणार. आणि बीळ आहे, म्हणून ते बाहेरूनच आले. सर, सहामाहीत गणिताचं उत्तर मी असंच आधी लिहिलं आणि मग रीत जुळवली. भोपळा मिळाला.

मावशी : टिटवे!

सर : थांबा बाई. हे हिला कुणी शिकवलं? माझ्या चुका काढायला टपलेल्या विद्यापीठातल्या त्या मंडळींपैकी कुणी भेटलं होतं का? या खोलीतले कागद बाहेर गेलेत का?

मावशी : कागद इथेच आहेत सर. एकूण एक.

सर : मग ही पोर आपल्या मनाने बोलतेय, असं म्हणता?

टिटवी : पोर आपल्या मनानेच बोलते सर. घरी सगळे त्यालाच कंटाळलेत.

सर : हे बघ, मी काही खोटं लिहिलेलं नाही. 'अकरा खापऱ्या राखेखाली, चाळीस राखेवर', असं लिहिलं तर दुसरं पान कुणी उलटणार नाही. वाचकाला माणसं लागतात. कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला हाकललं. आम्ही माणसं दिली नाहीत, तर खापऱ्या नुसत्या खापऱ्याच राहतात.

टिटवी : माणसं द्या की! पण त्यांच्या हातात काडी कशाला दिलीत?

सर : बाई, हिला बाहेर बसवा आणि शाईचं बघा. वेळ नाहीये.

मावशी : सर, एक विचारू? चौथ्या थरातल्या घराचा नकाशा आणि दुसऱ्या थरातल्या घराचा नकाशा, दोन्ही मीच काढलेत. ते कधी एकावर एक ठेवून पाहिलेत तुम्ही?

सर : जागा तीच असणार. एवढंसं टेकाड, लोक जातील कुठे?

मावशी : जागेचं नाही म्हणत, रेघेचं म्हणतेय. हा पातळ कागद. धरा उजेडाला. भिंतीवर भिंत बसते. दारावर दार. चूलही त्याच कोपऱ्यात, तशीच डाव्या बाजूला तोंड केलेली. दुसऱ्याचं घर जाळून आलेला माणूस राख उपसून त्याची चूल कशाला शोधेल? ज्याचं घर जळलं, तोच असं हाताने चाचपत बांधतो.

सर : हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?

मावशी : काढलं त्या दिवसापासून.

सर : आणि दोन वर्षं बोलला नाहीत?

मावशी : तुम्ही विचारलं नाहीत. मीही आपली सोय पाहिली.

सर : पावणेचार झालेत बाई. आत्ता हे होऊ द्या. पुढच्या आवृत्तीत आपण टीप देऊ.

मावशी : टीप गोटीच्या वर्गात कोण वाचणार?

सर : कोण गोटी?

मावशी : आहे एक. सर, ते बीळ मी शाईत करणार नाही.

सर : मग मी करतो.

मावशी : करा. पण आधी पहिल्या पानावरचं माझं नाव काढा. चित्रंही तुमच्याच नावावर जाऊ देत. आणि खापऱ्यांच्या पाठीवरचे आकडे पुसायचे असतील, तर तेही तुम्हीच पुसा. पाटी मी बदलली, ते मात्र पुसवले नाहीत माझ्याच्यानं.

सर : तुम्हाला कळतंय का? हे एक बीळ गेलं की सगळं सहावं प्रकरण कोसळतं.

मावशी : कळतंय.

सर : चार वर्षं घातलीत मी त्यात.

मावशी : मीही घातलीत सर. याच खोलीत.

सर : खोडरबर कुठेय?

मावशी : हा घ्या. हलक्या हाताने, नाहीतर राखेच्या थराची शाईही खरवडेल.

सर : बीळ खोडलंय. प्रकरणाचं मी अजून काहीही म्हटलेलं नाही, लक्षात ठेवा. छापखान्याला फोन करून बघतो.

टिटवी : गेले! मावशी, 'बघतो' म्हणजे काय गं?

मावशी : 'बघतो' म्हणजे बघतील किंवा नाही बघणार.

टिटवी : फोन खरंच करतायत का? दाराला कान लावू?

मावशी : खबरदार. नाही केला, तरी आता प्रकरण एक सांगेल आणि चित्र दुसरं. शेजारी शेजारी छापलेलं असेल. तुझ्यासारखं एखादं भोचक पोरगं विचारेलच कधीतरी.

टिटवी : आणि तुझं नाव?

मावशी : राहिलं तर राहील, गेलं तर जाईल. कागद बांध.

टिटवी : मावशी, मी आज गोटीच्या घरी जाते. काय सांगू तिला?

मावशी : जेवढं माहीत आहे तेवढंच सांग. कुठून आले, कोण होते, कुणाचे पूर्वज, ते आपल्याला ठाऊक नाही. घर जळलं, आणि त्यांनी ते तिथेच परत बांधलं. एवढंच.

टिटवी : एवढंच?

मावशी : एवढंच. का, अजून काय?

टिटवी : सगळे म्हणत होते ना... तेव्हा एकदा मीही म्हटलं होतं. आगलावी. हसले पण होते.

मावशी : ते मी कसं सांगू, बाळा? ते तुझं तुलाच सांगावं लागेल.