गाडी गप्प केली त्याची गोष्ट

नाही, पण मला सांगा, मला कोणी विचारलं होतं? कोणी दारात येऊन हात जोडले होते का, की ताई, आमच्या गाडीचा आवाज तेवढा कमी करून द्या? नाही ना? मग माझं काय अडलं होतं? आमचे हे तर रोज सकाळी दात घासताना हेच म्हणतात. तोंडात फेस असतो, शब्द एक कळत नाही, पण सूर कळतो. "तुला कोणी विचारलं होतं?"

तुम्हाला सांगते, अगदी पहिल्यापासून सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. माझाच आहे. पण तरी तुम्ही ठरवा.

आमच्या शेजारी घड्याळवाले राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर घर, घरात भाऊजी आणि वहिनी, दोघंच. आणि तिसरी ती गाडी. जुनी म्हणजे किती जुनी, तर तिच्या वयाची माणसं आता नातवंडं खेळवतायत. लांब नाक, बटबटीत दिवे, दार उघडायचं-लावायचं तर खांद्याने रेटावं लागतं. बावीस वर्षांपूर्वी भाऊजींनी ती भंगारातून उचलून आणली आणि घड्याळ खोलावं तशी स्क्रू-स्क्रू खोलून पुन्हा उभी केली. दिसायला राणी हो! पण आवाज... पत्र्याच्या ट्रंकेत खिळे भरून ती जिन्यावरून सोडून दिली तर जे काय होईल ते, आणि ते तळ्यापर्यंत, आणि तळ्यापासून परत. दारं वेगळी वाजतात, तळ वेगळा वाजतो, छत तर स्वतःचंच काहीतरी वाजवत असतं.

दर रविवारी तळ्यापर्यंतची फेरी ठरलेली. भाऊजी चालवणार, वहिनी आणि मी मागे. पुढे भाऊजींच्या शेजारच्या सीटवर कोणी बसूच शकत नव्हतं, त्या बाजूला इंजिनाची धग थेट पायांवर यायची, पाय भाजून निघायचे. आमचे हे येत नाहीत. "मला कान आहेत," म्हणतात. तर मागे आम्ही दोघी, आणि बोलायचं म्हणजे ओरडायचं, ओरडलेलं शेजारच्या कानात जेमतेम पोचतं, पुढे भाऊजींपर्यंत काही म्हणजे काही जात नाही. बावीस वर्षं मी त्या सीटवर बसून अख्ख्या गल्लीची उणीदुणी ओरडून सांगितली आहेत, आणि ती गाडीबाहेर गेली नाहीत. तेवढ्यात भाऊजी आरशात बघून ओरडणार, "कसं वाटतंय?" आणि वहिनी आरशात दिसेल अशी मान डोलावून ओरडणार, "मस्त वाटतंय!" की झाली भाऊजींची स्वारी खूश.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार, मी त्यांच्या घरात शिरले. दार वाजवलं नाही, मी वाजवत नाही, इतक्या वर्षांत काय वाजवायचं... तर वहिनी मोरीपाशी उभ्या, एका कानात कापूस, दुसऱ्या कानात घालायला चाललेला, आणि जिभेवर गोळी. कसली? डोकेदुखीची. म्हणजे फेरीच्या आधी घ्यायची. प्रत्येक फेरीच्या आधी! बावीस वर्षं! मी म्हटलं, वहिनी, अहो भाऊजींना सांगा की. तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"ताई, शपथ आहे. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून, मान वाकवून बसतात हो ते. एक रविवारी तेवढी मान वर करतात, आणि ते माझ्यासाठी म्हणून. त्यांना कसं सांगू?"

बरं, शपथ घेतली, गोष्ट संपली. संपायला हवी होती. पण मला चैन पडेना. मी दुसऱ्या दिवशी उठले आणि गेले खाली दुकानात. वहिनींचं नाव काढायचं नव्हतं, मी शपथेला पक्की आहे, म्हणून म्हटलं, "भाऊजी, तुमच्या गाडीत माझं डोकं फार दुखतं हो." साफ खोटं. तोवर माझं डोकं आयुष्यात दुखलेलं नव्हतं, दुखायचं ते माझ्यामुळे दुसऱ्यांचं. भाऊजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. चेहरा असा उतरला त्यांचा! "ताई, आधी नाही का सांगायचं?" बस, तिथून सुरू झालं.

आधी गेलो गाड्यांच्या सामानाच्या दुकानात. मीही गेले. मला कोणी विचारलं होतं? पण गेले. दुकानदार काळी चिकट शीट दाखवतो, एका अंगाला चंदेरी, हातात घेतली तर पाट्यासारखी जड. म्हणतो, "मॅडम, ही तळाला, दारांना, छताला, सगळीकडे आतून चिकटवा. आत बसल्यावर तुम्हाला स्वतःच्या मनातलं ऐकू येईल." मी म्हटलं, ते कशाला ऐकायचंय? मग त्याने अख्ख्या गाडीला किती लागेल ते सांगितलं आणि भाऊजी नुसते हसले. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, एवढ्यात भंगारवाल्याने मला अशा दोन गाड्या दिल्या असत्या." पण मी आत बसून, पाणी मागून, पंख्याखाली ठाण मांडून, नमुन्याचा एक तुकडा फुकट काढलाच.

मग स्वस्तातलं बघू. बांधकामाच्या सामानवाला म्हणाला, "गळक्या छपराला लावायची डांबरी पट्टी घ्या, एकच आहे हो, नाव वेगळं." दिसायला खरंच तशीच, चंदेरी वगैरे. गादीवाला म्हणाला, "फोम घाला, मऊ लागेल." अहो, गाडीला काय झोपायचंय? पण प्रत्येकजण छातीठोक सांगणार, आणि आम्ही दोघं मान डोलावणार. शेवटी मीच म्हटलं, भाऊजी, परीक्षा घेऊ. आणि आणली माझ्या डब्यांची झाकणं. चांगली तीन पत्र्याची झाकणं. एकाला भारीतली शीट, एकाला डांबरी पट्टी, एकाला फोम, आणि ठेवली आमच्या गच्चीत भर दुपारच्या उन्हात, कठड्यावर उभी करून.

चार वाजता आमचे हे वर आले, हातात त्यांचा पांढरा शर्ट. खालच्या दोरीवर वाळत होता.

"हे काय आहे?"

"डांबर."

"शर्टावर का आहे?"

"माझ्या डोक्यासाठी."

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं... आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. "तुला कोणी विचारलं होतं?"

तर पट्टी बाद. उन्हात पाघळते, वर वास असा की बावीस वर्षांत न दुखलेली डोकीही दुखावीत. फोमवर पाणी ओतलं तर तीन दिवस ओला, आणि खाली झाकणाला गंजाचं गोल कडं. भाऊजी म्हणाले, "हा माझा तळ खाऊन टाकेल," फोमही बाद. राहिली भारीतली शीट. त्या झाकणावर टिचकी मारली की आधी टण्ण वाजायचं ते आता ठप. काय ते ठप! पण परवडायचं कसं? तर हा घड्याळवाला माणूस, टिकटिकीतला फरक कानाने ओळखणारा... त्यांनी शीट सोलली, अर्धी कापली, अर्धीच लावली. टिचकी. ठप. तिच्या निम्मी केली. टिचकी. तरी ठप! झाकणाच्या मधोमध एवढासा तुकडा, आणि झाकण गप्प.

"ताई, पत्रा मधे थरथरतो. मधे हात ठेवला की गप्प बसतो. सगळं झाकायची गरजच नाही."

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे शीट लागणार चौथाई, आणि तिच्यावर अंथरायला गादीवाल्याकडचा जाड लोकरी नमदा, तोही कापून उरलेले तुकडे, वजनावर. बसलं की सगळं खिशात!

पुढे दोन रविवार फेरी बंद, काम चालू. मी पत्रा पुसायला, भाऊजी चिकटवायला. आणि पहिल्याच दिवशी मागची सीट उचलली तर... अहो, खालून निघाली गोळ्यांची रिकामी पाकिटं. पाच-दहा नाही, ढीग! वर कापसाचे बोळे. घरच्या कचऱ्यात भाऊजींना दिसू नयेत म्हणून वहिनी ते सगळं सीटच्या फटीत सारत असणार. भाऊजींनी ओंजळ भरून वर धरली. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या, माझ्याकडे बघतायत. काय करणार? मी म्हटलं, "माझी."

"एवढी? ताई, डॉक्टरांना दाखवलंत का?"

तिथून माझी जी सेवा सुरू झाली! ताई, उन्हात नका बसू. ताई, वाकू नका. मागच्या सीटवर माझ्या डोक्यासाठी वहिनींनी उशी शिवावी म्हणून भाऊजींनी सांगितलं, आणि वहिनींनी शिवली. स्वतःच्या डोकेदुखीची उशी मला शिवून दिली त्या बाईने, आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही. मला घास गोड लागेना. वाटायचं, सांगून टाकावं. पण शपथ!

आणि मग तो रविवार आला. निघालो. काय सांगू... शांतता हो! गाडी चालतेय आणि शांतता. पुढे फळीवर एक छोटं घड्याळ आहे, भाऊजींनीच बसवलेलं, इतक्या वर्षांत ते चालतं हेच मला माहीत नव्हतं, त्याची टिकटिक ऐकू येत होती! वहिनींनी कानातला कापूस काढून मुठीत धरला. डोळे मिटून मागे टेकल्या. ते बघून माझं मन इतकं भरून आलं, इतकं भरून आलं, की मी त्यांच्याकडे वाकले आणि बोलले. आता त्या गाडीत मी कशी बोलते? बावीस वर्षांची सवय! ओरडून बोलते. माझ्याच शांत केलेल्या गाडीत मी घसा ताणून ओरडले, "वहिनी, आता फेका त्या गोळ्या! बावीस वर्षं गिळताय, दर रविवारी, यांच्या या फेरीपायी!"

टिक. टिक. टिक.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आरशात बघितलं नाही, समोर काचेतून बघत राहिले.

"ती पाकिटं तुझी होती?"

वहिनी कशाबशा म्हणाल्या, "अहो, तुम्ही इतक्या हौसेने..."

"ताईंचं डोकं दुखतं म्हणून मी इतकं केलं," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही, त्या गाडीत आता गरजच नव्हती. "तुझं दुखतं म्हणून मी काय केलं नसतं?"

मी उशी पोटाशी धरून बसले. मला उतरायचं होतं, पण ते दार खांद्याने धाडकन रेटावं लागतं, आणि त्या शांततेत ते कोण करणार?

तीन रविवार गाडीवर कापड. भाऊजींचं भिंग डोळ्यावरून हलेना. मी गेले तर त्यांचं दार आतून बंद... मला दार वाजवावं लागलं! आणि भाऊजींनी माझी झाकणं परत पाठवली, डांबर खरवडून, गंज घासून, लख्ख करून. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. स्वयंपाकघरात ती झाकणं चमकतात आणि मी तिकडे पाठ करून भांडी घासते. कोणी विचारलं होतं मला? बावीस वर्षं एक बाई खोटं बोलून एका माणसाला खूश ठेवत होती, तो माणूस खूश होता, मध्ये मी कोण?

चौथ्या रविवारी सकाळी खाली कापड ओढल्याचा आवाज आला. वाकून बघते तर वहिनी! एकट्या ओढतायत. ओढलं, घडी केली, आणि पुढचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी चपला न घालता खाली. भाऊजी दुकानाच्या दारात येऊन उभे.

"मला इथे बसायचंय," वहिनी म्हणाल्या. "पायाला धग लागते, तिचं काय करायचं ते बघा. आणि डोकं दुखलं तर मी सांगणार. लगेच सांगणार. मग गाडी थांबवायची."

भाऊजींनी नाक ओढलं, वाकले, पायापाशी हात घालून पत्रा चाचपला आणि एकदम कामाचं बोलायला लागले... इथे नमदा दुहेरी लागेल, खाली शीट लागेल, धग अडेल. पण शीट संपलेली, नमदा संपलेला, गादीवाल्याकडचे तुकडेही संपलेले.

मग दोघांनी मिळून मागच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी काय म्हणणार? म्हटलं, "काढा." माझाच हेअर ड्रायर आणून दिला, शीट गरम करून सोडवायला. माझ्या बुडाखालचं, माझ्या दाराचं, माझ्या बाजूच्या चाकावरचं, सगळं निघालं आणि पुढे गेलं. अगदी मधोमध ठेवलेला हात माझ्या पत्र्यावरून उचलला आणि वहिनींच्या पत्र्यावर ठेवला. बरोबरच आहे ते. मी कशाला तक्रार करू?

आता दर रविवारी दोघं पुढे. हळू बोलतात. बावीस वर्षांचं साठलेलं असणार, तळं येतं-जातं, यांचं बोलणं संपत नाही. मला मागून फक्त हलणारे ओठ दिसतात. मध्येच वहिनी हसतात. कशाला हसल्या? काय म्हणाले? माझ्या बाजूने चाक असं खडखडतं की एक अक्षर हाती लागत नाही! मी, जिला अख्ख्या गल्लीचं ठाऊक असतं, ती मी, दोन हातांवरचं ऐकू शकत नाही. ओरडून विचारलं तर वहिनी वळतात, गोड हसतात आणि हात हलवतात, काही नाही, काही नाही.

तेवढ्यात भाऊजी आरशात बघून ओरडतात, "ताई, कसं वाटतंय?"

आता काय सांगू? इतक्या हौसेने विचारतात हो. मी ओरडते, "मस्त वाटतंय!"

वहिनींकडे उरलेल्या गोळ्या होत्या ना... त्या आता माझ्या पर्समध्ये असतात.