नवरा सोडला तर आयएलआर जातो का?

घटस्फोटात मला नवऱ्याने धक्का दिला असं वाटतंय ना तुम्हाला? छे गं, खरा धक्का दिला सासूबाईंनी!

समीर जन्मापासून कॉव्हेंट्रीचा, ब्रिटिश. भांडण झालं की त्याचं ठरलेलं, "मला सोडलंस तर तुझा आयएलआर गेला. नागपूरचं तिकीट काढून देईन." आयएलआर म्हणजे इथे यूकेत कायम राहायची परवानगी. ती त्याच्यामुळे मिळाली, म्हणजे त्याच्याबरोबरच जाणार, असं मलाही वाटायचं. शेवटी सॉलिसिटरची अपॉइंटमेंट घेतली, तर सासूबाई कोट घालून दारात उभ्या. "मी पण येते." म्हटलं, झालं, लेकाचा हेर निघाला बरोबर.

सॉलिसिटरबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "आयएलआर तुमचा स्वतःचा आहे. घटस्फोटाने तो जात नाही."

मला रडूच फुटलं. सासूबाईंना इंग्लिश बेताचंच, म्हणून मराठीत सांगितलं. आता ह्या लेकाची बाजू घेणार, म्हणून मी तयारीतच. तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"नीट विचार तिला. म्हातारपणी सोडलं तरी चालतं?"

"कोणी, आई?"

"मी गं. माझा पासपोर्ट अजून इंडियनच आहे. तुझे सासरे लग्नापासून मला हेच ऐकवतायत."

सॉलिसिटर विचारतेय, काय म्हणाल्या त्या? मी नुसती बघतेय.

शेवटी सासूबाईच तिला म्हणाल्या, "सेम प्रॉब्लेम, मॅडम."